ज्ञानगुरूचं वर्ष

तमिळ पंचांगातला आनी महिना अर्धा सरला आणि पूंगोडीच्या कॉम्प्युटरमधला अडुक्कू बंद पडला.

अडुक्कू म्हणजे थप्पी. पानं मांडायच्या सॉफ्टवेअरला जोडलेलं ते एक छोटंसं प्लगइन. त्याचं कागदोपत्री नाव वेगळंच होतं, पण शिवकाशीतल्या छापखान्यांच्या त्या गल्लीत त्याला सगळे अडुक्कूच म्हणत. रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरची वर्षभराची पानं त्याच्या हवाली करावीत, आणि त्याने ती मोठ्या कागदावर अशी मांडून द्यावीत की कागद छापून, कापून, थप्प्या एकीखाली एक सरकवल्या की वर्ष आपोआप सरळ लागावं. वर जानेवारीतला पोंगल, तळाशी डिसेंबरातली मार्गळीची थंडी. शेवटी सगळ्याची एक पीडीएफ करून छपाईच्या प्लेटा करणाऱ्या प्लेटवाल्याकडे धाडली की काम संपलं. कोइमतूरच्या कुणा पोराने ते बनवलं होतं. त्याने आता दुकान गुंडाळून परदेश गाठला होता. त्यात एका सकाळी पानं मांडायचं मूळ सॉफ्टवेअर स्वतःहून नवीन होऊन बसलं. अडुक्कूचं बटण जिथे होतं तिथे राखाडी चौकट राहिली. दाबली तर दबत नव्हती.

वेळही नेमकी तीच. आनीनंतरच्या आडी महिन्याच्या अठरा तारखेला शिवकाशीतला प्रत्येक छापखाना पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरांचा आल्बम देवापुढे ठेवतो. त्या दिवशी गावोगावचे एजंट येतात आणि वर्षाचा धंदा ठरतो. सोर्णराज अण्णाचींच्या, म्हणजे सोर्णराजदादांच्या, छापखान्याचं रोजचं कॅलेंडर पूंगोडीच्या वडिलांच्या खोलीत तयार होत आलं होतं. पूंगोडी शाळेत जायची तेव्हापासून. यंदा खोली तीच होती, खुर्ची तीच होती. वडील, ज्ञानगुरू, मार्च-एप्रिलमधल्या पंगुनी महिन्यात वारले होते.

ज्ञानगुरूंनी आधी शिशाचे खिळे जुळवले, मग कात्री-गोंदाने पानं चिकटवली, मग साठी उलटल्यावर ते मुलीच्या शेजारी बसून माउस धरायला शिकले. अडुक्कू आला तेव्हा त्यांनी त्याचं कौतुकही केलं. पण प्रत्येक कॅलेंडरच्या वेळी ते एक जुना कागद घ्यायचे, त्यावर पेन्सिलीने चौकटी आखायचे, चौकटींत आकडे टाकायचे, कागद कात्रीने कापायचे, तळहातावर थप्पी रचायचे आणि अंगठ्याने फर्रकन फिरवून बघायचे. त्याला ते डमी म्हणत. आकडे सरळ आले की डमी टोपलीत टाकायचे आणि मगच पीडीएफ पाठवू द्यायचे.

पूंगोडीला याचा कंटाळा यायचा. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना हे कात्रीकाम चालू झालं की थोडं ओशाळल्यासारखंही व्हायचं. मशीन करतंय ना, अप्पा, पडद्यावर सगळं दिसतंय, असं ती एकदा म्हणाली होती. तेव्हा ते हसले होते. "पडद्याला हात नाहीत, कण्णू. पानं बाइंडिंगच्या बायकांच्या हातात जायची आहेत."

आता ती कात्री खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलेली होती. ते गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

अडुक्कूच्या जागी दुसरं काहीतरी शोधणं आलं. गल्लीत विचारलं असतं तर चार खोल्यांमध्ये चार जणांनी सांगितलं असतं. पण गल्लीत विचारणं म्हणजे ज्ञानगुरूंच्या पोरीचं अडलं हे संध्याकाळच्या आत चहाच्या टपरीवर पोचवणं. ते तिला नको होतं. तिने एकटीनेच शोधायचं ठरवलं.

पहिलं मिळालं ते मोठ्या विलायती कंपनीचं. काम चोख, पण भाडं डॉलरमध्ये आणि दर महिन्याला. फुकट वापरून बघा म्हणून देत होते, त्यात पीडीएफच्या प्रत्येक पानावर तिरका शिक्का उमटायचा. पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, सोंडेवरून कंपनीचं नाव गेलेलं बघून तिने ते काढून टाकलं. दुसरं म्हणजे पानं मांडायचं सबंध सॉफ्टवेअरच होतं, पूर्ण फुकट. चांगली माणसं लोकांसाठी लिहितात तसलं. त्यात तिने कॅलेंडरच्या एका महिन्याची पानं ओतून पाहिली. पडद्यावर ठीक दिसत होतं, पीडीएफ केल्यावर तमिळ अक्षरांचे कानेमात्रे सुटून भलत्याच घरी जाऊन बसले. पौर्णिमेचं पान वाचताच येईना. तिसऱ्यासाठी तिने इंटरनेटवरच्या एका परक्या मंचावर खोट्या नावाने प्रश्न टाकला. इंडोनेशियातल्या कुणीतरी आपुलकीने उत्तर दिलं की त्यांच्याकडेही अशी कॅलेंडरं असतात आणि ते सगळं हातानेच मांडतात. तिला हसू आलं. अप्पांना सांगायला हवं, असं वाटून ती खुर्चीत अर्धवट वळली सुद्धा.

मग तिला चौथं सापडलं. अगदी लहान, एका खिडकीचं. ते पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरतच नव्हतं. आपण साधी पीडीएफ करून त्याच्या पुढ्यात टाकायची, एका कागदावर पानं किती ते सांगायचं, की ते नुसता क्रम लावून नवी पीडीएफ हातात ठेवायचं. अक्षरांना धक्का नाही, शिक्का नाही, भाडं नाही. पूंगोडीने पडद्यावर पहिला कागद पाहिला, शेवटचा पाहिला. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक जानेवारी होती, खालच्या उजव्या कोपऱ्यात वर्षाची अखेर. टोकं जागच्या जागी होती.

डमी करायची आठवण झाली नाही असं नाही. तिने खिळ्याकडे पाहिलं. कात्रीच्या एका कडीला अप्पांनी चिंधी गुंडाळली होती, अंगठ्याला लागते म्हणून. ती चिंधी अंगठ्याच्या आकाराची होऊन राहिली होती. पूंगोडीने नजर काढून घेतली आणि पीडीएफ प्लेटवाल्याकडे पाठवून दिली. दुपार होती. प्लेटवाल्याचा 'मिळाली' असा निरोपही लगेच आला.

*

एजंटांना वाटायच्या नमुन्यांची पहिली खेप छापून, कापून, पत्र्याची पट्टी ठोकून तयार झाली. तिरुनेलवेलीचा सुडलैमुत्तू नावाचा एजंट दुसऱ्या कामासाठी आला होता, त्याने सहज म्हणून एक कॅलेंडर उचललं आणि अंगठ्याने फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग अण्णाचींच्या टेबलावर ठेवून म्हणाला की अण्णाची, यंदा तुमच्याकडे पाऊस लवकर दिसतोय.

जानेवारीची तेवीस फाडली की खाली एप्रिल होता. एप्रिल संपतो न संपतो तो जुलै, जुलैखाली ऑक्टोबर, आणि ऑक्टोबरखाली पुन्हा जानेवारीची चोवीस.

पूंगोडीला बोलावणं गेलं. ती आली तेव्हा खोलीत अण्णाची होते, सुडलैमुत्तू होता, आणि दारात बाइंडिंगच्या बायकांची मुकादम पेच्चियम्मा उभी होती, हाताला खळ लागलेली. पूंगोडीने कॅलेंडर हातात घेतलं आणि तिला एका क्षणात सगळं कळलं. या छापखान्यात कापलेल्या थप्प्या आडव्या उचलतात, डावीकडून उजवीकडे, ओळ वाचावी तशा. त्या नव्या खिडकीने त्या उभ्या मोजल्या होत्या, वरून खाली. टोकं दोन्ही तऱ्हांनी तीच येतात. मधलं सगळं वर्ष विस्कटतं. अंगठ्याच्या एका फटकाऱ्यात दिसलं असतं.

तिच्या बोटांखाली जे पान उघडलं होतं ते जानेवारीनंतर लगेच आलेलं पंगुनीचं पान होतं. अप्पा गेले तो महिना. पुढच्या साली त्यांची तिथी याच थप्पीत कुठेतरी असणार होती.

"हे कसं झालं, पोरी?" अण्णाचींनी विचारलं. आवाज चढवला नव्हता. ते कधी चढवत नसत.

"अप्पांचा साचा होता," पूंगोडी म्हणाली.

हे शब्द तिने जुळवले नव्हते. तोंडात अप्पा होतेच, तेवढ्यात प्रश्न आला, आणि तोंडात जे होतं ते बाहेर पडलं. पुढची वाक्यं मात्र तिने जुळवली. प्लगइन बंद पडलं, म्हणून अप्पांनी करून ठेवलेल्या जुन्या साच्यात पानं बसवली, साचाच चुकीचा निघाला, तिने विश्वासाने वापरला. बोलता बोलता तिला वाटत होतं की आता कुणीतरी म्हणेल, छे, ज्ञानगुरूंच्या हातून असं व्हायचं नाही. ती त्या वाक्याची वाटच पाहत होती. ते आलं असतं तर तिने लगेच मान खाली घालून खरं सांगितलं असतं.

कुणी म्हणालं नाही. सुडलैमुत्तूने जीभ टाळ्याला लावून च्च केलं. पेच्चियम्मा म्हणाली की वय झालं होतं हो, गेल्या दिवाळीला मला बघूनसुद्धा ओळख दिली नव्हती. आणि सोर्णराज अण्णाचींनी चष्मा काढून पुसला.

"कागद माझा गेला, नाव त्यांचं गेलं," ते म्हणाले. "तू कशाला रडवेली होतेस? नवीन फाइल दे उद्या. जा घरी."

पूंगोडी घरी गेली. त्या खिडकीत 'आडव्या' आणि 'उभ्या' असं निवडायचं एक लहान बटण होतं. तिने ते बदललं. मग खिळ्यावरची कात्री काढली, डमी केली, अंगठ्याने फिरवली. आकडे सरळ आले. चिंधीमुळे तिचा अंगठा कडीत सैल पडत होता.

*

शिवकाशीत नवीन आल्बमला महिना लागतो, नवीन चेष्टेला अर्धा दिवस पुरतो.

बाइंडिंगच्या बायका पट्ट्या उचकटून पानं पुन्हा लावायला बसल्या होत्या. दिवसभर तेच काम, त्यामुळे तोंडाला दुसरा विषय नाही. तिथून ती गोष्ट कटिंगवाल्यांकडे गेली, तिथून करुप्पैयाच्या चहाच्या टपरीवर. दोन दिवसांनी पूंगोडी टपरीसमोरून जात होती. कुणीतरी उशिरा आलेल्या हमालाला करुप्पैया विचारत होता, "काय रे, ज्ञानगुरूच्या कॅलेंडरनं निघालास वाटतं घरून?" बाकावरची माणसं हसली. करुप्पैयाचं लक्ष तिच्याकडे गेलं तसा तो ग्लास विसळू लागला.

मग ते तिला सगळीकडे ऐकू येऊ लागलं. कापणी मशीनवर कागद वाकडा गेला, ज्ञानगुरू झाला. शाईवाल्याने निळ्याऐवजी हिरवा डबा धाडला, ज्ञानगुरूचा हिशेब. एका पोरीचं लग्न धाकटीच्या नंतर ठरलं तर पेच्चियम्मा म्हणाली, त्या घरात ज्ञानगुरूचं वर्ष चालू आहे. चेष्टेत विष नव्हतं. गल्लीत असंच चालायचं. एका सुताराच्या नावाने तिरक्या दाराला अजून हाक मारतात, तो मरून वीस वर्षं झाली तरी. पूंगोडीला ते माहीत होतं. ती हिशेब करायची की सुताराच्या मुलांना काय वाटत असेल. या आधी कधी केला नव्हता.

ती वाचणारी बाई होती. खोलीत काम नसलं की तालुक्याच्या वाचनालयातली पुस्तकं वाचायची. माणसं खोटं का बोलतात याबद्दल तिने पुष्कळ वाचलं होतं आणि त्यातल्या प्रत्येक माणसाची तिला कणव आली होती. स्वतःची येईना. तिला नुसती लाज वाटत होती. खरकट्या हातांनी पंक्तीतून उठवल्यावर वाटावी तशी. सकाळी डोळे उघडायच्या आधी ती लाज जागी असायची. कात्रीकडे पाठ करून बसावं म्हणून तिने कॉम्प्युटरचं टेबल फिरवून घेतलं.

अण्णाचींना जाऊन सांगावं असं रोज वाटायचं. रोज वाटायचं की आता सांगून काय, फाइल दुरुस्त झाली, काम पुढे गेलं, अप्पांना काही ऐकू येत नाही.

मग एका दुपारी अम्माने, तिच्या आईने, विचारलं.

अम्मा भाजी निवडत बसली होती. अप्पा गेल्यापासून ती कमी बोलायची. पाण्याच्या नळावर तिला कुणीतरी तो शब्द ऐकवला असावा. तिने मान वर न करता विचारलं, "तुझे अप्पा खरंच चुकले का गं?"

"कुणी सांगितलं तुला?"

"सगळेच सांगतायत. मला तेवढं सांग, चुकले का?"

पूंगोडी म्हणाली की जेवून घेऊया आधी.

अम्माने शेंगेचा दोर काढला, देठ बाजूला ठेवला. "मला वाटलंच," ती म्हणाली. "शेवटी शेवटी त्यांनी मला एकदा पेरियक्का म्हणून हाक मारली होती. त्यांची थोरली बहीण. मी म्हटलं झोपेत असतील. आणि ती रसमात दोनदा मीठ घातल्याची गोष्ट. मी तेव्हा हसले त्यांना. डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं, आपल्याला कळलं नाही. नाही तर डॉक्टरकडे नेलं असतं."

ती शेंगा निवडत राहिली आणि एकेक आठवण काढत राहिली. तैपूसमच्या सणाला ते चपला उलट्या घालून देवळात गेले होते. शेजारच्या पोराला हाक मारताना पूंगोडीचंच नाव घेतलं होतं. या सगळ्या गोष्टी घडल्या होत्या, कोणाच्याही घरात घडतात तशा, आणि त्या वेळी घरात हसून झाल्या होत्या. आता अम्मा त्या एकीशेजारी एक मांडत होती, आणि मांडणीतून एक वेगळाच म्हातारा उभा राहत होता, विसराळू, हरवलेला, बायकोने नीट न सांभाळलेला. पूंगोडीच्या डोळ्यांदेखत तिचे वडील बदलत होते. आणि अम्मा स्वतःला बोल लावत होती.

"मी लक्ष द्यायला हवं होतं," अम्मा म्हणाली. "त्यांना वाचत राहायचं असायचं उशिरापर्यंत, मीच दिवा घालवायची."

तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा पूंगोडीला भरवसा वाटत नव्हता. एकदा पाहिलं होतं तिने. शेवटी ती उठली आणि भात लावला.

*

आडी अठराच्या सणाला यंदा घरात चिंचेचा भात नव्हता, लिंबाचा भात नव्हता, काहीच नव्हतं. अप्पा गेले म्हणून वर्षभर सण करायचा नाही. पण अण्णाचींचा निरोप आला की छापखान्याची पूजा म्हणजे घरातला सण नव्हे, पूंगोडीने यायलाच हवं. दर वर्षी पहिला आल्बम देवापुढून उचलून सगळ्यात जुन्या माणसाच्या हातात देतात. गेली कित्येक वर्षं तो ज्ञानगुरूंच्या हातात जात होता. यंदा त्यांच्या वतीने तिने घ्यायचा होता.

कापणी मशीन पुसून तिला चंदनाचे टिळे लावले होते. केळीचे खुंट बांधले होते. पिळ्ळैयारच्या फोटोपुढे नव्या आल्बमचा गठ्ठा, त्यावर हळदीचं बोट, शेजारी ताटात भिजलेले हरभरे. एजंट पांढरी वेष्टी नेसून आले होते. बायका एका बाजूला दाटीवाटीने बसल्या होत्या आणि कुणीतरी हळूच म्हणालं की आज मुहूर्त ज्ञानगुरूच्या कॅलेंडरात बघितला नाही ना, आणि दाबलेलं हसू ओळीतून फिरलं. पूंगोडी त्यांच्यापासून तीन हातांच्या अंतरावर उभी होती.

कापूर लावायच्या आधी अण्णाचींनी आल्बम उचलला. ते भाषण करणाऱ्यांतले नव्हेत. तरी चार वाक्यं बोलले. ज्ञानगुरूंनी या छापखान्याची तीस वर्षं सरळ लावून दिली, असं म्हणाले. शेवटी वयाने एक चूक झाली असेल, तीस वर्षांपुढे ती धरायची नाही. माणूस जातो, काम राहतं. आणि त्यांनी आल्बम पूंगोडीपुढे धरला.

ते सगळं खरोखर मोठ्या मनाने बोलले होते. म्हणूनच तिला तो घेता येईना. हात पुढे झाले, आल्बमच्या कडेला लागले, आणि तिथेच थांबले.

"अण्णाची, साचा अप्पांचा नव्हता," ती म्हणाली.

आवाज लहान होता. अण्णाची म्हणाले, काय? तिला पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

"साचा अप्पांचा नव्हता. प्लगइन बंद पडलं, मी दुसरं शोधलं. त्यानं थप्प्या उभ्या मोजल्या. अप्पा प्रत्येक वेळी डमी करायचे. मी केली नाही. मी खोटं बोलले."

मशीनच्या पट्ट्यावरून कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि बंद झाला. पुजारी कापराची वडी बोटांत धरून कधी अण्णाचींकडे, कधी तिच्याकडे बघत राहिला. सुडलैमुत्तूने खाली बघितलं, आपल्याच वेष्टीचा काठ नीट केला. तिने वाट पाहिली की आता काहीतरी हलकं वाटेल. वाटलं नाही. उलट आतापर्यंत जी लाज तिच्या एकटीची होती ती आता सगळ्यांनी वाटून घेतली होती आणि कुणालाच तिचं काय करावं ते कळत नव्हतं.

पेच्चियम्मा आधी बोलली. बसल्या जागेवरूनच.

"मेलेल्या बापाला कामाला लावलंस होय गं," ती म्हणाली. "जिवंतपणी कमी राबला का?"

या वेळी कुणी हसलं नाही.

अण्णाचींनी आल्बम हळूच तिच्या बोटांतून काढून घेतला. रागाने नाही, आजारी माणसाच्या हातातून जड भांडं काढून घ्यावं तसा. चार पावलं चालून त्यांनी तो पेच्चियम्माच्या मांडीवर ठेवला. ती गडबडून उठायला लागली, खळीचे हात पदराला पुसत, आणि त्यांनी तिला बस म्हणून खूण केली. मग पुजाऱ्याला म्हणाले, कापूर लाव.

आरती फिरली. पूंगोडीपुढेही आली. तिने ज्योतीवर हात धरून डोळ्यांना लावले.

निघताना अण्णाचींनी तिला दाराशी गाठलं. ते म्हणाले की रोजचं कॅलेंडर यंदापुरतं पलीकडच्या खोलीत देतो. लग्नपत्रिका येतील तुझ्याकडे. तिने मान हलवली. ते आणखी काही म्हणणार होते, चष्म्याशी चाळा करत थांबले होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मीसुद्धा लगेच खरं मानलं. तीस वर्षं बघितलेला माणूस." आणि आत गेले.

*

अम्माला तिने त्याच दुपारी सांगितलं. उभ्या थप्प्या, आडव्या थप्प्या, डमी, सगळं, आणि जे तोंडातून बाहेर पडलं ते. अम्मा भिंतीला टेकून ऐकत होती. पूंगोडी थांबल्यावर बराच वेळ ती पायाच्या बोटातली जागा चोळत राहिली, जिथली जोडवी पंगुनीत काढली होती.

"म्हणजे ते चुकले नव्हते."

"नाही, अम्मा."

"मग मला पेरियक्का म्हणाले ते?"

झोपेत असतील, असं म्हणता आलं असतं. अम्मानेच आधी ते म्हटलं होतं. पण पूंगोडी तिथे नव्हती, तिने ऐकलं नव्हतं, तिला माहीत नव्हतं.

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली.

अम्माने तिच्याकडे पाहिलं. मारेल असं पूंगोडीला वाटलं. लहानपणीही कधी मारलं नव्हतं. अम्मा उठली, आत गेली, आणि भांडी घासायचा आवाज येऊ लागला. दोघींनी त्या दिवशी वेगवेगळ्या वेळी जेवण केलं.

आडी सरून आवणी महिना लागला. पूंगोडीने टेबल पुन्हा होतं तसं फिरवलं. लग्नपत्रिका आल्या, पत्रिकेला डमी लागत नाही, तरी ती एक करून बघायची, घडी घालून, उघडून. त्या चौथ्या खिडकीबद्दल पलीकडच्या खोलीवाल्याने विचारलं तेव्हा तिने त्याला ती चालवून दाखवली आणि लहान बटण कुठे आहे तेही दाखवलं. तोही शोधतच होता. त्याचाही अडुक्कू बंद होता. गल्लीत सगळ्यांचाच होता.

एकदा सकाळी ती करुप्पैयाच्या टपरीवर चहा घ्यायला थांबली. एक ट्रकवाला आदल्या दिवशीचा माल घेऊन आज उगवला होता. करुप्पैया ग्लासातून ग्लासात चहा ओतत सवयीने म्हणाला, "या या, ज्ञानगुरूच्या वर्षात वाट चुकलात काय?" आणि मग त्याला ती दिसली. चहाची धार मध्येच तुटली. पूजेतली गोष्ट त्याने ऐकलीच होती, गल्लीने ऐकली होती. पण जिभेला लागलेली सवय जात नाही. तो चाचरत म्हणाला, "अक्का, तसं नाही, आपलं ते तोंडात बसलंय."

"बसलंय ते उठव," पूंगोडी म्हणाली. "ज्ञानगुरू नाही. पूंगोडी म्हण."

"असं कसं म्हणू, अक्का."

"म्हण. पूंगोडीचं वर्ष."

ट्रकवाल्याला काही कळलं नाही. तो दोघांकडे आळीपाळीने बघत होता. करुप्पैयाने मान खाली घालून धार पुन्हा धरली, आणि ओठांतल्या ओठांत, कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात, ते म्हणून पाहिलं. तिने ग्लास घेतला. आणखी बऱ्याच जणांना सांगावं लागणार होतं, आणि बरेच जण विसरणार होते.